गुडघेदुखी : शस्त्रक्रियेपूर्वीचे उपाय

'गुडघ्यातले वंगण संपले, आता सांधा बदलण्यावाचून गत्यंतर नाही,' हे वाक्य आपल्या समाजात घरोघरी ऐकू येते. मग ज्येष्ठ मंडळी जिना टाळतात, फिरणे सोडतात आणि हळूहळू चार भिंतींत अडकतात. वास्तविक ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये वंगण संपत नाही. कित्येकदा सांध्यात पाणी वाढून सूजच येते. कूर्चा झिजते हे खरे, परंतु त्याबरोबर हाड, आवरण आणि स्नायू यांतही बदल होतात. एक्स-रेवरील झीज व रुग्णाची वेदना यांचे प्रमाण नेहमी जुळतेच असे नाही. म्हणून उपचार चित्राचा नव्हे, रुग्णाचा करावयाचा असतो.

व्यायाम हेच पहिले औषध

दुखऱ्या गुडघ्याला विश्रांती द्यावी, हा समज घातक आहे. हालचाल थांबली की मांडीचे स्नायू क्षीण होतात आणि सांध्याचा आधार जातो. पाय सरळ ठेवून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घ्यावी, ती खाली दाबून 5 सेकंद धरावी, असे 10 वेळा, दिवसातून दोनतीनदा करावे. जोडीला सपाट रस्त्यावर चालणे असावे. गुण दिसण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. तेवढा धीर हवा. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या 156 रुग्णांच्या एका अमेरिकन अभ्यासात वर्षअखेर फिजिओथेरपी घेतलेल्यांची वेदना व अडचण स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतलेल्यांपेक्षा कमी आढळली.

वजन आणि दिनचर्या

वजन 1 किलोने उतरले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे 4 किलोंनी घटतो, असे 2005 सालच्या एका अभ्यासात दिसले. दिवसभरातील पावले मोजली, तर याचे मोल कळते. उकिडवे बसणे, फार वेळ मांडी घालणे टाळावे. पूजेला पाटाऐवजी खुर्ची घेतल्याने पुण्य उणावत नाही. उंच कमोड वापरावा. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. तिची लाज बाळगू नये.

औषधे : तारतम्याने

वेदनाशामक मलम आधी वापरून पाहावे. पोटातून घ्यावयाच्या गोळ्या थोड्याच दिवसांकरिता व वैद्यकीय सल्ल्यानेच घ्याव्यात. दुकानातून परस्पर आणून महिनोन्‌महिने घेतल्यास जठर, मूत्रपिंड आणि हृदय यांना धोका पोहोचतो. मधुमेह वा रक्तदाब असणाऱ्यांनी तर विशेष जपावे. ग्लुकोसामाइन व कॉन्ड्रॉइटिन 2006 सालच्या मोठ्या अमेरिकन चाचणीत एकंदर रुग्णांमध्ये निष्क्रिय गोळीहून सरस ठरले नाहीत. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे आराम पडतो. मात्र दर तीन महिन्यांनी दोन वर्षे ते दिले असता कूर्चा अधिक झिजल्याचे 2017 साली दिसून आले.

शस्त्रक्रिया केव्हा?

एवढे करूनही रात्रीची झोप मोडत असेल, घरातल्या घरात चालणे कठीण होत असेल, तर सांधेरोपण हा उत्तम उपाय आहे. त्यात भीती वा कमीपणा नाही. आधी बळकट केलेले स्नायू तेव्हाही उपयोगीच पडतात. मात्र सांधा अचानक लाल, गरम होऊन ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

आपणा व्यवसायबंधूंना एक विनंती. चिठ्ठीवर गोळीचे नाव लिहितो, तसाच व्यायामही लिहावा आणि तो समोर करवून घ्यावा. त्यासाठी लागणारी पाच मिनिटे पुष्कळांची काही वर्षे चालती ठेवतील.