सभेत इंग्रजी बोलताना – लेखांक ६ : आधी कोणती चूक सुधारायची?

मागच्या आठवड्यात आपण आवाज आणि विराम पाहिले. आज व्याकरण, पण सगळे नाही.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात जिंतूर, पालम, सोनपेठकडची कितीतरी मुले मराठी शाळेतून येतात. पदवीचा अभ्यास इंग्रजीतून असतो आणि एम.एस्सी.ला विभागासमोर उभे राहून सेमिनार द्यावा लागतो. शेती त्यांनी लहानपणापासून पाहिलेली असते. अडते ते वाक्यात. अशा वेळी एखादे ‘ए’ किंवा ‘द’ राहिले म्हणून मुलाला मध्येच थांबवणे मला अजिबात पटत नाही. अर्थ पोचलेला असतो, धागा मात्र तुटतो. आधी सुधारायची ती भलताच अर्थ पोचवणारी चूक.

शेतकऱ्यांच्या मुलाखती सांगताना ती हमखास होते. ‘शेतकरी म्हणाला की मी सोयाबीन पेरणार’ हे मराठीत बिनचूक आहे. तेच इंग्रजीत ‘द फार्मर सेड दॅट आय विल सो सोयाबीन’ झाले, की पेरणारा शेतकरी राहत नाही, बोलणारा विद्यार्थी होतो. तिथे ‘ही वुड सो’ हवे. तसेच ‘पीक घेतले’चे ‘टुक’ करू नये, ‘ग्रू’ म्हणावे. ‘सिन्स थ्री इयर्स’ही टाळावे. कालावधी सांगायचा तर ‘फॉर’, सुरुवातीचे साल सांगायचे तर ‘सिन्स’.

शब्दनिवडीला याहून जास्त वेळ द्या. याच विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ ही भेंडी केवडा रोगाला दाद न देणारी म्हणून नावाजली. तिच्याबद्दल बोलताना ‘रेझिस्टन्स व्हरायटी’ नव्हे, ‘रेझिस्टंट व्हरायटी’ म्हणायचे. ‘टॉलरंट’ म्हटले तर दावाच बदलतो: रोग येतो, पण झाड तो सोसते आणि उत्पन्न फारसे घटत नाही. जाणकार श्रोता नेमका इथेच प्रश्न विचारतो. म्हणून आपल्या विषयातले असे जोडशब्द आधीच वहीत लिहून, मोठ्याने म्हणून ठेवावेत.

राहिली वाक्यरचना. मराठीत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे इंग्रजी बोलतानाही आपण आधी ठिकाण, हंगाम, कारण सांगत बसतो आणि कर्ता-क्रियापदापर्यंत पोचेतो श्रोता दमतो. आधी कोणी काय केले ते सांगा, तपशील मागून. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे २५ नोव्हेंबर १९४९चे संविधान सभेतले भाषण या दृष्टीने मोठ्याने वाचा. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, हा विरोध त्यांनी छोट्या, सरळ वाक्यांत मांडला आहे. विचार जेवढा अवघड, तेवढी त्यांची वाक्यरचना सोपी.

या आठवड्याचा सराव असा: घरातल्या मोठ्या माणसाला शेतीबद्दल पाच प्रश्न विचारा, उत्तरे मराठीत लिहून घ्या आणि ‘ही सेड’, ‘शी सेड’ वापरून ती मोबाइलवर इंग्रजीत रेकॉर्ड करा. ऐकताना प्रत्येक ‘आय’पाशी थांबून तो नेमका कोणाचा, ते तपासा. पुढच्या लेखात श्रोत्यांचे प्रश्न घेऊ.