म्हातारा एक्स्पी अजून ड्युटीवर आहे!

गेल्या सुट्टीत इनप्लांट ट्रेनिंगसाठी आम्ही चौघे खामगाव एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात जात होतो. पहिल्याच दिवशी सीएनसी लेथशेजारच्या पीसीवर हिरवी टेकडी आणि निळं आभाळ असलेला तो ओळखीचा फोटो दिसला. आमच्यातला एक जण पटकन बोलून गेला, "अबे, इथं अजून एक्स्पी?" आम्ही सगळे हसलो. ऑपरेटरकाका मात्र हसले नाहीत. म्हणाले, "पोट्टेहो, काहून हसता? मशीन चालते ना?"

होस्टेलवर आल्यावरही तो प्रश्न डोक्यातून जाईना. विंडोज एक्स्पी बाजारात आली ऑक्टोबर २००१ मध्ये आणि मायक्रोसॉफ्टने तिचा सपोर्ट बंद केला ८ एप्रिल २०१४ रोजी. मग कारखानदार ती अजून का वापरतात? पैसे वाचवायला? अज्ञानामुळे? थोडं खोलात गेल्यावर कळलं, की गोष्ट इतकी सोपी नाही.

जुनं का ठेवतात?

पहिलं कारण म्हणजे आयुष्याचा हिशोब. चांगली लेथ किंवा प्रेस नीट देखभाल केली तर वीस-पंचवीस वर्षं सहज चालते. ऑपरेटिंग सिस्टीमला मात्र साधारण दहा-बारा वर्षांनी निवृत्ती मिळते. म्हणजे बैल तरणा आणि जू मोडकळीला आलेलं, अशी ही जोडी! एक्स्पी बदलायची म्हणून लाखो रुपयांची मशीन भंगारात कोण देईल?

दुसरं कारण आपल्या अभ्यासाचं आहे. मशीन आणि पीसी यांच्यामध्ये एखादं कार्ड असतं आणि त्या कार्डाचा ड्रायव्हर असतो. हा ड्रायव्हर ज्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी लिहिला, तिथेच चालतो. ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिट विंडोजवर चढत नाही. जुने १६ बिट प्रोग्रॅमही तिथे उघडत नाहीत आणि विंडोज ११ तर फक्त ६४ बिटमध्येच येते. कार्ड बनवणारी कंपनी बंद पडली असेल, तर नवा ड्रायव्हर लिहिणार कोण?

डॉसची गंमत त्याहून वेगळी. डॉसमधला प्रोग्रॅम पॅरलल पोर्टशी थेट बोलू शकत असे. एक्स्पी ही एनटी घराण्यातली. ती साध्या प्रोग्रॅमला हार्डवेअरला थेट हात लावू देत नाही, मध्ये ड्रायव्हर लागतोच. म्हणून काही ठिकाणी डॉसवरून एक्स्पीवर येणंसुद्धा जमलं नाही.

कारखानाच कशाला, लग्नपत्रिका छापणाऱ्या डीटीपीवाल्याकडे डोकावून बघा. युनिकोड रुळण्याआधी मराठीचं काम श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरवर आणि पेजमेकरवर चालायचं. पेजमेकरची ७.० ही शेवटची मोठी आवृत्ती २००१ मधली. त्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये तसाच उघडला तर अक्षरांची नुसती खिचडी होते. वर्षानुवर्षांच्या फायली आणि कॉम्प्युटरच्या मागे लावलेलं ते हार्डवेअर लॉक सोडून तो जाणार कुठे?

मग बिघडतं कुठे?

सपोर्ट संपला म्हणजे कॉम्प्युटर बंद पडत नाही. पण त्यानंतर सापडलेली भोकं कोणी बुजवत नाही. घराचं दार तेच, कुलूपही तेच, फक्त त्या कुलपाची किल्ली बाजारात मिळू लागलेली!

१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने हेच दाखवून दिलं. विंडोजच्या फाईल शेअरिंगमधल्या एका भोकातून तो एका पीसीवरून दुसऱ्यावर आपोआप पसरायचा आणि फायलींना कुलूप लावून खंडणी मागायचा. इंग्लंडमध्ये हजारो रुग्णांच्या अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या. शेवटी मायक्रोसॉफ्टने निवृत्त एक्स्पीसाठीही खास पॅच काढला. पण लक्षात घ्या, सर्वाधिक लागण एक्स्पीला नाही, विंडोज ७ ला झाली. तिचा पॅच मार्चमध्येच आला होता, लोकांनी टाकलाच नव्हता. म्हणजे जुनेपणाइतकाच दोष आळसाचाही.

पुढच्याच महिन्यात महाराष्ट्राला झळ बसली. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ने मर्स्क या जहाज कंपनीला गाठलं आणि न्हावा-शेवाच्या जेएनपीटी बंदरातल्या त्यांच्या टर्मिनलचं काम विस्कळीत झालं. हल्ल्याचं मूळ युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, कंटेनर अडकले उरणजवळ! मर्स्कला जगभरात ४५ हजार पीसी आणि ४ हजार सर्व्हर पुन्हा उभे करावे लागले. हा किडा कॉम्प्युटरच्या मेमरीतून पासवर्ड चोरायचा, त्यामुळे पॅच टाकलेले पीसीही सुटले नाहीत. सगळे पीसी एकाच नेटवर्कला बांधले की एकाचा आजार सगळ्यांना.

बँकांनी मात्र वाट काढली, म्हणजे त्यांना काढावी लागली. एटीएममध्येही एक्स्पी होतीच. जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने टप्पे ठरवून दिले आणि सपोर्ट नसलेली सिस्टीम जून २०१९ पर्यंत सगळ्या एटीएममधून काढायला सांगितलं. लहान कारखानदाराला असं बजावणारा कोणी नाही आणि तेवढा पैसाही नाही.

मग करायचं काय?

बदलणं शक्य असेल तर बदलावंच. नसेल तर म्हाताऱ्याची नीट काळजी घ्यावी:

१. मशीनचा पीसी इंटरनेटला आणि ऑफिसच्या नेटवर्कला जोडू नये.

२. हार्डडिस्कची पूर्ण इमेज काढून दोन ठिकाणी ठेवावी आणि ती दुसऱ्या डिस्कवर चढवून एकदा चालवून बघावी. न तपासलेला बॅकअप म्हणजे बॅकअप नव्हेच.

३. सीएनसी कंट्रोलरचे पॅरामीटर उतरवून ठेवावेत. अनेक कंट्रोलरमध्ये ते बॅटरीच्या जोरावर टिकतात. बॅटरी संपली की मशीन सगळं विसरते.

४. जुनं कार्ड, जुना मदरबोर्ड भंगारात मिळाला तर घेऊन ठेवावा.

५. काय कुठे जोडलंय ते वहीत लिहावं. जाणकार माणूस रिटायर झाला की खरी पंचाईत होते.

आणि ही शिफ्ट संपलेली नाही बरं का! विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आपल्यातल्या अनेकांचे लॅपटॉप आता त्याच रांगेत आहेत. उद्या खामगाव, मलकापूर, चिखलीच्या कारखान्यांत नोकरीला लागलो, की या मशीन आपल्याच गळ्यात पडणार आहेत.

जाता जाता त्या काकांचं राहिलंच. शेवटच्या दिवशी आमच्या मित्राने रिपोर्टसाठी प्रोग्रॅम कॉपी करायला खिशातून पेनड्राईव्ह काढला. हाच पेनड्राईव्ह आदल्या रात्री होस्टेलवर सहा रूम फिरून आला होता, पिक्चर वाटत! काकांनी त्याचा हात धरला. यूएसबी पोर्टवर चिकटपट्टी लावली होती, ती दाखवून म्हणाले, "मागं एका ट्रेनी पोट्ट्यानं असाच लावला होता. मशीन तीन दिवस बंद होती. तीन दिवस माणसं रिकामी बसली."

इराणच्या अणुकेंद्रात घुसलेला ‘स्टक्सनेट’ २०१० मध्ये उघडकीला आला, तोही पेनड्राईव्हवरून पसरणाराच होता. त्याची लागण झालेल्या देशांत भारत वरच्या नंबरात होता. हे सगळं आम्ही वाचून शिकलो, काका अनुभवाने शिकले होते.

पहिल्या दिवशी आम्ही त्यांच्या एक्स्पीला हसलो होतो. खरा धोका त्या पीसीत नव्हता, आमच्या खिशात होता.