परक्या गणवेशातले अमेरिकन

वॉशिंग्टनजवळ आर्लिंग्टन येथे अमेरिकेची विख्यात सैनिकी दफनभूमी आहे. तेथे एक उंच दगडी क्रूस उभा असून त्यावर कांस्याची तलवार बसविलेली आहे. हे स्मारक अमेरिकेने नव्हे, तर कॅनडाने १९२७ साली उभारले. पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या सैन्यात राहून ज्या अमेरिकनांनी प्राण वेचले, त्यांच्या स्मृत्यर्थ ते आहे. आपला देश तटस्थ असताना शेजाऱ्याच्या युद्धात उतरलेल्या या माणसांना त्यांच्या देशाने कसे वागविले, हे पाहण्यासारखे आहे.

ब्रिटिश साम्राज्याचा घटक म्हणून कॅनडा ऑगस्ट १९१४ मध्येच युद्धात ओढला गेला. अमेरिका उतरली ती एप्रिल १९१७ मध्ये. परंतु तोवर हजारो अमेरिकन सीमा ओलांडून कॅनडात भरती झाले होते. संपूर्ण युद्धकाळात कॅनडाच्या फौजेत अमेरिकेत जन्मलेले सुमारे ३५ हजार सैनिक होते. त्यांपैकी पुष्कळजण आधीपासूनच कॅनडात स्थायिक झालेले होते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. टोरांटोत उभारलेल्या ९७व्या पलटणीचे तर नावच ‘अमेरिकन लीजन’ असे होते. १९१६ मध्ये ती इंग्लंडला पोहोचली. पण तेथे ती मोडून तिचे सैनिक इतर पलटणींत वाटण्यात आले.

खरी अडचण होती शपथेची. भरती होणाऱ्याला ब्रिटनच्या राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यावी लागे. आणि १९०७ च्या अमेरिकन कायद्यानुसार परकीय सत्तेशी निष्ठेची शपथ घेणारा आपले नागरिकत्व गमावीत असे. म्हणजे रणांगणावर जिवाची जोखीम तर होतीच, शिवाय परतल्यावर आपल्याच देशात परके ठरण्याची भीती! अमेरिका स्वतः युद्धात उतरल्यावर १९१७ मध्ये कायदा करून अशांना नागरिकत्व परत मिळविण्याची वाट मोकळी करण्यात आली.

१९३९ मध्ये हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. या वेळी ओढा होता तो मुख्यतः हवाई दलाकडे. अमेरिकन हवाई दलात वैमानिक व्हायचे तर दोन वर्षांचे महाविद्यालयीन शिक्षण लागे. कॅनडाची अट तितकी कडक नव्हती. कोणाला हिटलरविषयी चीड होती, कोणाला साहसाची हौस, तर कोणाला केवळ विमान चालवायचे होते. मात्र परकीय सैन्यासाठी अमेरिकेच्या भूमीवर भरती करणे हा गुन्हा होता. स्वतःहून सीमेपलीकडे जाऊन भरती होणे हा गुन्हा नव्हता. या फरकाचा लाभ घेऊन क्लेटन नाइट या चित्रकार-वैमानिकाच्या नावाची समिती इच्छुकांना माहिती पुरवी व कॅनडात पोहोचण्यास साहाय्य करी. १९४० मध्ये कॅनडाने अमेरिकनांना राजनिष्ठेच्या शपथेतून सूट दिली. वरिष्ठांच्या आज्ञा पाळण्याचे वचन पुरेसे ठरले. नागरिकत्वही राहिले आणि सैनिकाची शिस्तही!

सुमारे नऊ हजार अमेरिकन कॅनडाच्या हवाई दलात दाखल झाले. त्यांच्या खांद्यावर आपल्या देशाचे नाव सांगणारी पट्टी असे. पर्ल हार्बरनंतर अमेरिकाही युद्धात उतरली आणि १९४२ मध्ये त्यांना स्वदेशाच्या सैन्यात जाण्याची मुभा मिळाली. अनेकजण गेले, पण अनेकजण आपल्या सोबत्यांना सोडून गेले नाहीत. न्यूयॉर्कजवळचा जो मॅकार्थी हा त्यांपैकीच एक. मे १९४३ मध्ये जर्मनीच्या धरणांवर झालेल्या प्रसिद्ध हल्ल्यात त्याने झोर्पे धरणावर बाँब टाकला. युद्धानंतरही तो कॅनडाच्याच हवाई दलात राहिला. जॉन गिलेस्पी मॅगी या तरुण कवीला मात्र अशी निवड करण्याची वेळच आली नाही. पर्ल हार्बरनंतर चौथ्याच दिवशी, ११ डिसेंबर १९४१ रोजी, इंग्लंडच्या आकाशात दोन विमानांची टक्कर होऊन तो मृत्यू पावला. वय अवघे एकोणीस!

निष्ठा ही एकाच कप्प्यात बसणारी वस्तू आहे, असे कायदा गृहीत धरतो. माणसे मात्र तशी नसतात. १९४० मध्ये शपथेतले काही शब्द वगळताच मायदेश आणि सोबती या दोन्ही निष्ठा एकत्र नांदू शकल्या. आर्लिंग्टनच्या त्या क्रूसावर पुढे दुसऱ्या महायुद्धातील व कोरियातील अशाच सैनिकांसाठीही लेख कोरण्यात आले. ज्यांच्या हातून नागरिकत्व निसटण्याची वेळ आली होती, त्यांचे स्मारक आज त्यांच्याच देशाच्या सैनिकांमध्ये उभे आहे.