तारेतील रोध व उष्णता : शिरूर-दौंड परिसरातील पंपांच्या संदर्भात

भीमा व घोड या नद्यांच्या काठी असलेल्या शिरूर आणि दौंड तालुक्यांतील उसाची शेती मोठ्या प्रमाणावर विजेच्या पंपांवर अवलंबून आहे. विजेचा दाब कमी पडला म्हणजे मोटर जळते, हा तेथील शेतकऱ्यांचा परिचित अनुभव होय. वीज कमी मिळाली असता मोटर तापावी कशी, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर तारेच्या रोधात आहे.

धातूच्या तारेत असंख्य मुक्त इलेक्ट्रॉन असतात. दाब लावताच ते एका दिशेने सरकू लागतात. परंतु वाटेत कंप पावणाऱ्या अणूंवर आदळून आपली ऊर्जा त्यांस देतात. या अडथळ्यास रोध म्हणतात, आणि अणूंचे कंपन वाढणे म्हणजेच तार तापणे होय. तार जितकी लांब व बारीक, तितका तिचा रोध अधिक. ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असे जेम्स जूल याने १८४१ साली दाखवून दिले.

रोहित्रापासून पंपापर्यंतच्या लांब तारेत काही दाब खर्ची पडतो. समजा, ४१५ व्होल्टांपैकी ३३२ व्होल्टच मोटरीपर्यंत पोहोचले. उपसावयाचे पाणी तेवढेच असल्याने मोटर सुमारे सव्वापट प्रवाह खेचते. सव्वाचा वर्ग १.५६, म्हणजे वेटोळ्यांतील उष्णता दीडपटीहून अधिक होते. शिवाय तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्के वाढतो. अखेरीस तारेवरील वेष्टन करपते व मोटर निकामी होते.

यावर उपाय म्हणजे वीज उच्च दाबाने वाहून नेणे. दौंडवरून जाणाऱ्या विद्युत् रेल्वेगाड्यांना २५,००० व्होल्टांनी वीज पुरविली जाते. तीच शक्ती १,५०० व्होल्टांनी दिली असती, तर प्रवाह सुमारे १७ पट आणि त्याच तारेतील उष्णता सुमारे २७८ पट झाली असती. कृषिपंपांसाठी महाराष्ट्रात २०१८ साली हाती घेतलेल्या उच्चदाब वितरण योजनेचे तत्त्व हेच आहे. तीत ११,००० व्होल्टांची वाहिनी शेतापर्यंत नेऊन एक-दोन पंपांस लहान रोहित्र देतात.

फ्यूज हाही रोधाचाच उपयोग आहे. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की फ्यूजची बारीक तार प्रथम वितळते व मंडल तोडते. तिच्या जागी जाड तार बसविली असता ती वितळत नाही. तिच्याऐवजी मोटरीची वेटोळी जळतात.