उचल घेतलेल्याची सही

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर माझी उभी नोकरी गेली. काट्याच्या चिठ्ठीवर शेतकऱ्याचं नाव, गाव, गट नंबर, उसाची जात (आमच्याकडे बहुतेक ८६०३२), लागण की खोडवा, गाडीचा नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन एवढं सगळं यायचं. ऊस तोडणाऱ्याचं नाव यायचं नाही. टोळीत माणसं किती, असं मुकादमाला विचारलं की उत्तर यायचं, ‘दहा कोयते.’ एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तोडायला दोघं; मोळ्या बांधून, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं काम बहुतेक बाईचं, आणि कोपीत परतल्यावर चूलही तिचीच. मजुरी टनावर. हिशेब मात्र कोयत्याचा, म्हणजे नवऱ्याच्या हातात.

मी नगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूर तालुक्यातला कॅथोलिक. आमच्या हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची, म्हणजे पवित्र मारियेची, मोठी यात्रा भरते. हे हरेगाव मुळात साखरेचं. बेलापूर कंपनीचा कारखाना तिथे इंग्रजी अमदानीत उभा राहिला. आमच्या भागातल्या ख्रिस्ती घरांत दोन पिढ्या मागे गेलं की शेतमजूरच भेटतो. तेव्हा कामगाराबद्दल चर्च काय सांगतं हे आम्हाला तोंडपाठ असायला हवं. ‘निरोप्या’ हे कॅथोलिक मासिक १९०३ साली आपल्याच जिल्ह्यात, राहुरी तालुक्यातल्या केंदळला सुरू झालं, म्हणजे छापील अक्षराचीही वानवा नव्हती. तरी मिस्सेच्या प्रवचनात हा विषय मी फार थोड्या वेळा ऐकला.

१५ मे १८९१ रोजी पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ हे विश्वपत्र काढलं. युरोपात गिरण्या-खाणींतला मजूर तेव्हा पिळून निघत होता. लिओंनी समाजवादाला विरोध केला, खासगी मालमत्तेची बाजू घेतली; हे वाचून मालक मंडळी खूश झाली असतील. पण पुढे ते मजुरीवर येतात. मालकानं ठरवली, मजुरानं मान्य केली, विषय संपला, हे त्यांना कबूल नाही. पोटाच्या धास्तीनं किंवा आणखी वाईट होईल या भीतीनं माणूस कमी मजुरीला राजी झाला, तर तो जबरदस्तीचा बळी आहे, असं ते म्हणतात. काटकसरीनं राहणाऱ्या मजुराचं पोट भरेल एवढं दाम हा न्याय आहे, आणि तो कराराच्याही वरचा.

हे मला आमच्या उचलीवर, म्हणजे मजुराला आगाऊ मिळणाऱ्या पैशांवर, लिहिल्यासारखंच वाटलं. जिल्ह्याच्या उत्तरेला प्रवरा-गोदावरीचे कालवे आणि ऊस. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला सहकारी कारखाना. पूर्वेला पाथर्डी-शेवगावची कोरडवाहू गावं. हंगामाआधी मुकादम तिथे उचल वाटतो. हल्ली ती जोडीमागे लाखाच्या घरात जाते. पोरीचं लग्न, आजारपण, आधीचं देणं यांत ती दिवाळीआधीच उडते. मग सहा महिने ती फेडायची. एक दिवस ताप आला तर खाडा धरून पैसे कापतात. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, तरी बाकी निघाली, तर पुढच्या हंगामाला तोच मुकादम. अंगठा जोडीनंच दिलेला असतो, कुणी हात धरून लावलेला नसतो. लिओंचं म्हणणं एवढंच की हात धरायला गरजही पुरते.

एकट्या मजुराचं मालकापुढे काही चालत नाही, म्हणून त्यांनी कामगारांच्या संघटनांनाही हक्काची मान्यता दिली. त्याचा अर्थ आमच्याकडच्या मजुराला पोपशिवाय कळला होता. कोयता बंद ठेवल्याखेरीज भाव वाढत नाही. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ती मजुरांच्या संघटना आणि कारखान्यांचा साखर संघ समोरासमोर बसले तेव्हा.

पोप जॉन पॉल दुसरे यांची गोष्ट वेगळी. जर्मनांनी पोलंड घेतला तेव्हा ते दगडाच्या खाणीत आणि मग सोल्वे रसायन कारखान्यात मजूर होते. त्यांचं ‘लाबोरेम एक्झरचेन्स’ हे विश्वपत्र १९८१ चं. काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही. आणि भांडवलापेक्षा श्रमाचा मान आधी, हा त्याचा गाभा. एका ठिकाणी मात्र माझं दोन्ही पोपांशी जमत नाही. कुटुंब चालेल एवढी मजुरी म्हणताना त्यांच्या डोळ्यांपुढे कमावता बाप आणि घर सांभाळणारी आई आहे. कोयत्यात आई बापाएवढंच कमावते आणि तिच्या नावावर रुपयाही पडत नाही. तिच्या बाबतीत कुटुंबाची मजुरी म्हणजे तिची मजुरी गायब करायची सोयच झाली.

आणखी एक. १९७१ च्या रोममधल्या बिशप परिषदेनं सांगून ठेवलंय की न्यायाबद्दल बोलणाऱ्यानं आधी स्वतः न्यायी असावं, आणि चर्चच्या नोकरांनाही पुरेसं वेतन मिळावं. तेव्हा धर्मग्रामातल्या शिपायाचा पगार विचारल्यावर कुणी रागावू नये.

नगरात काम केलेले स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर यांनी दुसऱ्या टोकाला हात घातला. गाव सोडायची वेळच येऊ नये म्हणून पाणलोटाची कामं. गावानं श्रमदान करायचं, ही अट. १९९३ साली त्यांनी क्रिस्पिनो लोबो यांच्यासोबत ‘वॉटर’ संस्था काढली. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीचे डोंगर लोकांनी त्यातूनच सावरले. फक्त पाणी अडलं की ज्याच्याकडे जमीन त्याची विहीर आधी भरते, भूमिहीनाच्या वाट्याला त्या शेतातली मजुरी येते. दरेवाडीला जाऊन भारावणाऱ्यांनी हेही बघून यावं.

मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपनी लिओ चौदावे हे नाव घेतलं ते १८९१ च्या लिओंची आठवण ठेवूनच. आताची क्रांती कृत्रिम बुद्धिमत्तेची, असं ते म्हणाले. आमच्या फडात सध्या हार्वेस्टर आलाय, सरकारी अनुदानावर. यंत्र माणसाचा सोबती असतं आणि त्याला हुसकावणारा वैरीही होतं, हे जॉन पॉल लिहून गेलेत. पाथर्डीकडच्या एका ओळखीच्या मुकादमाला मी विचारलं, मशीननं फड घेतला तर राहिलेली उचल ही माणसं फेडणार कशी? तो म्हणाला, “मशीनला उचल द्यावी लागत नाही साहेब, म्हणून तर कारखाने तिच्या मागं लागलेत.”