तळ्यात टांगलेलं पोतं आणि माशाच्या पोटातलं प्लास्टिक

बाजारात मासे घेऊन बसणाऱ्या आपल्या ताई-मावश्यांना हल्ली एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो, "तळ्यातल्या माशात प्लास्टिक असतं म्हणे?" प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही, म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

5 मिलिमीटरपेक्षा लहान तुकडा म्हणजे मायक्रोप्लास्टिक. ओढ्याच्या पाण्यातून ते तळ्यात येतं, त्याला आपला फारसा इलाज नाही. पण जरा बांधावरून नजर टाका. कोंडा-पेंड भरून, भोकं पाडून बांबूला टांगलेली पोती खानापूर-बेळगावकडच्या तळ्यांतही दिसतात. पद्धत सोयीची आहे, खाद्य वाया जात नाही. मात्र हे विणलेलं पोतं प्लास्टिकचंच. काही महिने ऊन खाल्लं की बोटांनी चोळताच त्याचा भुगा होतो, आणि तो नेमका मासा तोंड लावतो तिथंच पडतो.

पोत्याचे तंतू आधी पाण्यावर तरंगतात. वरच्या थरातलं गाळून खाणाऱ्या कटल्याच्या तोंडी ते जाऊ शकतात. शेवाळ धरलं की जड होऊन खाली बसतात. नायलॉनच्या जाळ्याचे तुकडे तर बुडतातच. तळाला गाळ उकरणारे मृगळ आणि सायप्रिनस असतात.

गिऱ्हाइकाला काय सांगायचं? खरं तेच सांगा. हे कण जास्त करून माशाच्या आतड्यात सापडतात, पोट नीट साफ केलं की त्यातले बरेचसे निघून जातात. अख्खे खायच्या बारीक माशांना मात्र हे लागू नाही. आणि हो, काढलेली आतडी परत तळ्यात टाकू नका, निघालेलं पुन्हा आत जातं.

आता कामाचं. खाद्य भिजवून गोळे करा आणि बांबूच्या टोपलीत द्या. टोपलीला पैसे पडतात, ठाऊक आहे, पण ती कुजली तरी तिची माती होते. फाटकी जाळी, थर्माकोल बांधावर जाळू नका. मे महिन्यात पाणी उतरलं की गाळ काढण्याआधी एक फेरी मारून हे सगळं वेचा, नाहीतर गाळाबरोबर ते शेतात जाईल.

रिकामी पोती, जुनी जाळी सोसायटीच्या गोदामात आणून द्या, भंगारवाल्याला एकदमच देऊ. पोती तेवढी वाळवून आणा, ओल्या पोत्यांच्या वासानं गोदामात उभं राहवत नाही.