फिश टँकच्या पंपाची घरघर आणि रिसर्च प्रॉब्लेम मांडायची गोष्ट

पीएच.डी.च्या तयारीत असलेलं कोणी भेटलं की एक प्रश्न हमखास येतो, "प्रॉब्लेम डिफाइन करायचा म्हणजे नेमकं काय करायचं?" मला स्वतःला हे लॅबपेक्षा घरच्या हॉलमध्ये जास्त नीट कळलं, म्हणून आज तेच उदाहरण घेतो.

आमच्या हॉलमध्ये माशांची छोटी टाकी आहे आणि आई हॉलमध्येच झोपते. टाकीशेजारच्या टीपॉयवर एअर पंप, आणि त्याची रात्रभर घरघर. आईने सरळ उपाय काढला. झोपताना पंपाचं बटण बंद! दोनच दिवसांनी सकाळी बघतो तर सगळे मासे वर येऊन पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंडाची उघडमीट करत होते. पंप लगेच सुरू केला, मासे वाचले. पण आईची झोप आणि मासे यांतलं एकच निवडायचं, अशी वेळ आली होती.

मासे वर का आले? गोड्या पाण्यात २५ अंश सेल्सिअसला लिटरमागे जास्तीत जास्त ८.३ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना साधारण ७.६. म्हणजे उन्हाळ्यात साठा आधीच कमी. त्यात रात्री पाणवनस्पती ऑक्सिजन तयार करत नाहीत, उलट वापरतात. पंपाचे बुडबुडे पृष्ठभाग हलता ठेवतात आणि हवेतला ऑक्सिजन पाण्यात जात राहतो. पंप बंद केला की ही आवक मंदावते.

म्हणून "आवाज कमी करा" हा प्रॉब्लेम अर्धाच आहे. पूर्ण प्रॉब्लेम असा: पंप रात्रभर चालू आणि हवा तेवढीच ठेवून, उशीजवळ ऐकू येणारा आवाज कमी करायचा. यात तीन गोष्टी आल्या. काय कमी करायचं, कुठे मोजायचं आणि काय बदलू द्यायचं नाही. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये यातली तिसरी गोष्ट बहुतेक वेळा राहून जाते.

आवाज येतो कुठून?

थेट प्लगमध्ये लावायच्या बहुतेक साध्या एअर पंपांत एक कॉइल असते. तिच्यासमोर एका दांडीवर छोटं चुंबक आणि दांडीला जोडलेला रबरी पडदा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चुंबक सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होतं, पडदा हवा ढकलतो आणि पंपाचं अख्खं अंग थरथरतं. आवाजात ५० हर्ट्झबरोबर १००, १५०, २०० असे त्याच्या पटीतले सूरही असतात.

आता गंमत बघा. १०० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी हवेत साधारण ३.४ मीटर. मुठीएवढा पंप एवढी मोठी लहर हवेत नीट ढकलूच शकत नाही. तंबोऱ्याची तार नुसत्या लोखंडी चौकटीवर ताणून छेडली तर जेमतेम ऐकू येईल, भोपळा जोडला की घर भरतं. आमच्या हॉलमध्ये पंप ही तार होती आणि टीपॉय हा भोपळा. निदान माझा अंदाज तरी तसा होता, आणि अंदाज म्हटला की तो तपासायचा.

तीन चाचण्या, एका वेळी एकच बदल

१. पंप चालू ठेवून टीपॉयवरून उचलला आणि हातात धरला. घरघर एकदम खाली आली. म्हणजे मुख्य वाट टीपॉयमधून.

२. पंप परत जागेवर ठेवला आणि टाकीच्या काचेला टेकलेली नळी बोटाने सुटी केली. थोडा फरक पडला. म्हणजे ही दुसरी, लहान वाट.

३. नळी पंपापासून काढली. गुरगुर थोडी बदलली आणि बुडबुड थांबली. एअर स्टोन बाहेर काढून बघितला तर शेवाळाने बुजलेला. स्टोन बुजला की पंपाला जास्त दाबाविरुद्ध काम करावं लागतं, आवाज वाढतो आणि पडदाही लवकर जातो. स्टोन बदलणं हा सगळ्यात स्वस्त उपाय, तो आधी करून टाकला.

तिन्ही बदल एकदम केले असते तरी आवाज कमी झाला असताच, पण कशाने झाला ते कळलं नसतं.

रबर लावलं आणि काहीच झालं नाही

मग सगळे करतात तेच मीही केलं. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा पंपाखाली घातला. आवाज तेवढाच, कदाचित किंचित जास्तच! "रबर कंपन शोषून घेतं" हे आपण इतक्या वेळा ऐकलेलं असतं की इथे थांबून "रबर खराब असेल" म्हणावंसं वाटतं. पण गणित दुसरंच सांगतं.

पंप आणि खालचं रबर मिळून वजन आणि स्प्रिंग अशी जोडी होते. तिची स्वतःची एक वारंवारता असते, आणि वजनाखाली रबर किती दबलं त्यावरून ती काढता येते:

नैसर्गिक वारंवारता (हर्ट्झ) = १५.८ ÷ √(दबलेलं अंतर, मिलिमीटरमध्ये)

पंप ५० हर्ट्झने हलतोय. खालचा टेबल पक्का आहे असं धरलं तर हिशोब असा येतो:

- ०.१ मिमी दबलं: वारंवारता ५० हर्ट्झ. थेट रिझोनन्स, कंपन वाढतं.
- ०.२ मिमी दबलं: ३५ हर्ट्झ. ना फायदा, ना तोटा.
- ०.५ मिमी दबलं: २२ हर्ट्झ. साधारण एक चतुर्थांश कंपन खाली जातं.
- १ मिमी दबलं: १६ हर्ट्झ. साधारण एक नवमांश.
- २ मिमी दबलं: ११ हर्ट्झ. साधारण एकोणिसावा भाग.

पंप हलका, रबर पातळ आणि कडक. ट्यूब डोळ्यांना दिसण्याइतकीसुद्धा दबली नव्हती. म्हणजे आपण यादीच्या वरच्या टोकाला होतो. रबर आहे की नाही यापेक्षा ते किती दबतं हे महत्त्वाचं.

या समजुतीतून एक भाकीत निघतं, की वजन वाढवलं आणि खालचा आधार मऊ केला तर आवाज कमी व्हायला हवा. घरात उरलेली जाड फरशी घेतली, पंप तिच्यावर ठेवला आणि फरशीच्या चार कोपऱ्यांखाली भांडी घासायच्या स्पंजचे चार छोटे तुकडे. अख्खा स्पंज अंथरला तर वजन पसरतं आणि तो कमी दबतो, म्हणून छोटे तुकडे. मात्र स्पंज पूर्ण चपटा झाला तर तो पुन्हा कडक, हेही बघायचं. नळीला सैल वळण दिलं, काचेपासून दूर ठेवली. टीपॉयची घरघर गेली.

वरचे आकडे आदर्श स्प्रिंगचे आहेत. रबर आणि स्पंज वेगाने हलताना जास्त कडक वागतात, त्यामुळे प्रत्यक्षात फायदा थोडा कमी मिळतो. दिशा मात्र तीच राहते.

मोजायचं कसं?

फोनवरचं डेसिबल दाखवणारं ॲप इथे फसवू शकतं. ही ॲप बहुधा डीबीए दाखवतात. त्या मापात ५० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे ३० डेसिबल वजा होतात, १०० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे १९. कमी वारंवारतेला आपला कान कमी संवेदनशील असतो, म्हणून ही वजावट. पण त्यामुळे घरघर गेली तरी आकडा जेमतेम हलू शकतो, खास करून पंखा चालू असेल तर. त्यापेक्षा स्पेक्ट्रम दाखवणारं ॲप घ्या. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स फुकट आहे. त्यात ५०, १००, १५० हर्ट्झचे उंचवटे वेगवेगळे बघता येतात. पंखा बंद करा आणि फोन दर वेळी उशीवर त्याच जागी ठेवा. खोलीत लहरी भिंतींवरून परततात, त्यामुळे फोन दोन फूट सरकला तरी वाचन बदलतं.

फोन टीपॉयवर ठेवून त्याच्या ॲक्सेलेरोमीटरने कंपन मोजायचा मोह मलाही झाला. पण सेन्सर सेकंदाला १०० नोंदी घेत असेल तर ५० हर्ट्झ अगदी त्याच्या मर्यादेवर येतो, त्यावर भरवसा ठेवता येत नाही. उपकरण काय मोजू शकत नाही, हे आधी बघायचं.

शेवटची चाचणी आईची. दोन रात्री स्पंज लावला, दोन रात्री काढला, कोणत्या कधी ते तिला सांगितलं नाही. सकाळी फक्त विचारायचं, झोप कशी लागली? चार रात्रींवरून पेपर लिहिता येत नाही, पण तिने चारही बरोबर ओळखल्या.

करून बघणार असाल तर

पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. वीज गेली की टाकीतलं पाणी नळीतून उलटं पंपात येऊ शकतं. पंप बंद डब्यात कोंडू नका, तो तापतो. हवा जास्त वाटली तर नळी चिमटू नका, टी-व्हॉल्व्हने जादा हवा बाहेर सोडा.

आणि उरलेली बुडबुड? तो वेगळा प्रॉब्लेम. १ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा पाण्यात सुमारे ३,३०० हर्ट्झला वाजतो, ३ मिलिमीटरचा सुमारे १,१०० हर्ट्झला. स्पंजचा त्यावर काहीच परिणाम होणार नाही. आईला मात्र ती बुडबुड आवडते. म्हणून तो प्रॉब्लेम मी सोडवायला घेतलेला नाही.

तुमच्या घरी टाकी नसेल तर मिक्सर, कूलर, फ्रिज काहीही चालेल. सुरुवात एका वाक्याने करा: काय कमी करायचं, कुठे मोजायचं आणि काय बदलू द्यायचं नाही. ते वाक्य जमलं की मग आपल्या सिनॉप्सिसचं पहिलं पान परत वाचा.